देवदारांच्या पायाशी

हिमालयातील देवदारांच्या वनात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माणसाची दृष्टी साहजिकच वर जाते. शंभर-सव्वाशे फूट सरळ चढत गेलेले बुंधे, त्यांवर मजल्यामजल्यांनी पसरलेल्या आडव्या फांद्या आणि फांद्यांच्या फटींतून झिरपणारा हिरवट उजेड पाहताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. त्यांतील कित्येक वृक्षांनी माणसांच्या अनेक पिढ्या येताजाताना पाहिलेल्या असतात. अशा वनात खाली पाहण्याचे कारण सहसा पडत नाही. पडलेच, तर ठेच लागू नये एवढ्यापुरते.

परंतु श्रावण-भाद्रपदात या वृक्षांच्या पायाशी, ओढ्याकाठच्या काळ्या ओल्या मातीत, एक वीतभर ते हातभर उंचीचे रोप दाटीने उभे असते. त्याचा देठ पाणीदार, जवळजवळ पारदर्शक असतो. पाने लांबट, कडेला बारीक दातेरी. शेंड्यावर नाजूक तुरा, आणि त्या तुऱ्यात करंगळीच्या नखाएवढी पांढरी फुले, आत किंचित पिवळी झाक असलेली. देवदाराचे वय शतकांनी मोजावे, तर या रोपाचे महिन्यांनी. वसंतात उगवून शरदात ते संपते. तरीही दर वर्षी त्याच ओढ्याकाठी ते पुन्हा उभे दिसते. हे कसे घडते, ते मला कुलूच्या खोऱ्यात काढलेल्या चार वर्षांत थोडेफार उमगले, आणि त्याबरोबरच आमच्या घरातील एक गोष्टही उलगडली.

ह्यांची नोकरी बदलीची. दर तीन-चार वर्षांनी भांडी गवतात गुंडाळायची, मुलीच्या शाळेचा दाखला काढायचा आणि नव्या गावी दूधवाला, वाणी नि शेजार शोधायचा, हा आमचा शिरस्ता. मनालीच्या अलीकडे, नदीपासून थोडे वर, आम्हांला घर मिळाले. मागच्या बाजूस सफरचंदांची बाग, तिच्यावर देवदार आणि कैल यांचे वन, आणि आणखी वर राई नि तोस यांची गर्द रांग. पहिल्याच पावसाळ्यात मी ती पांढरी फुले पाहिली, आणि फुलाच्या ठेवणीवरून मला वाटले, हा तर आपला तेरडा!

तो तेरडाच होता. आपल्याकडील तेरड्याचा डोंगरी भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात या कुळातील झाडांना ‘इम्पेशन्स’ म्हणतात. हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ उतावीळ. पिकलेल्या शेंगेला बोट लागण्याचा अवकाश, ती ताडकन फुटते, तिच्या पाचही पाकळ्या स्प्रिंगसारख्या आत वळतात आणि बिया दूर उडतात. या उतावळेपणावरूनच ते नाव पडले. जगात या कुळाच्या हजाराहून अधिक जाती आहेत. भारतात दोनशेहून अधिक असून त्यांची मोठी वस्ती सह्याद्रीत आणि पूर्व हिमालयात आहे. आमच्या ओढ्याकाठच्या जातीचे नाव ‘इम्पेशन्स ब्रॅकिसेन्ट्रा’. तेरड्याच्या फुलामागे मधाची एक वाकडी शेपटी असते. ती या जातीत अगदीच आखूड असते, म्हणून हे नाव. काश्मीरपासून पूर्वेकडे हिमालयाच्या छायेच्या रानांत आणि उत्तरेस मध्य आशियातील पर्वतांतही हा लहानगा तेरडा उगवतो.

तेरडा ओळखणे वाटते तितके सोपे नाही. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांनी भारतातील वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. आणि तेवढे करूनही आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी तेरड्यांच्या अभ्यासाला वाहिली. १९११ साली वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले, तोपर्यंत हे काम चालूच होते. अडचण अशी, की तेरड्याचे फूल कागदात दाबून वाळवले, की त्याच्या तलम पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि मूळचा आकार उरत नाही. ज्याला तेरडा पाहायचा असेल, त्याने तो फुलला असताना त्याच्यापाशी जाऊन बसावे, हेच खरे.

मी जाऊन बसत असे. वरच्या वनातील बर्फ चैत्रात वितळू लागला, की मातीतून दोन गोल दलांची इवली रोपे वर येत. या थंड प्रदेशातील तेरड्यांच्या बीजाला हिवाळ्याची ओली थंडी मिळाल्याशिवाय ते उगवत नाही. बर्फाच्या पांघरुणाखाली काढलेले महिने म्हणजे त्याची झोप आणि त्याची तयारी दोन्ही होत. मग मुळे धरतात, पण खोल जात नाहीत. वरच्या ओलीवरच सगळा भार. म्हणून छाया हवी. दुपारचे ऊन थेट पडले, की पाने माना टाकतात. एकेका फुलाचा व्यवहारही पाहण्यासारखा असतो. आधी परागकोशांची एक टोपी असते आणि येणाऱ्या भुंग्याच्या पाठीवर ती पराग माखते. मग ती टोपी गळून पडते आणि तिच्याखालचा स्त्रीकेसर उघडा होतो. आधी द्यायचे आणि नंतर घ्यायचे, असा हा क्रम. शेवटी शेंगा. आणि आश्विन-कार्तिकात पहिले कडक दव गोठले, की सकाळी सारी रोपे काळी पडून आडवी झालेली असतात.

आपल्या भाषेत तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे. टिकाऊ नसलेल्या हौसेला आणि उताराला लागलेल्या वैभवाला ती आपण लावतो. लहानपणापासून ऐकलेल्या या म्हणीकडे मी पुन्हा वळून पाहिले, ते आमच्या सासूबाईंमुळे.

मामंजी गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. चिपळूणजवळच्या खेड्यातील घराला कुलूप लावून, किल्ली पदराच्या टोकाला बांधून आल्या. बोलणे त्यांनी सोडले नव्हते, पण विचारल्याखेरीज बोलत नसत. दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या डोंगराकडे पाहत. भाद्रपद जवळ आला तेव्हा मी गौरींचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “अगं, आपल्याकडे तेरड्याची गौर. इथे कुठला तेरडा? आणि गौर माहेरी येते तीन दिवस. या घराला ती माहेर कशी म्हणेल? आपलेच बिऱ्हाड तीन वर्षांचे.” यंदा राहू दे, असे त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या स्वरात ते होते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोकणात पुष्कळ घरी तेरड्याची रोपे मुळांसकट आणून त्यांची जुडी गौर म्हणून पुजतात. ती मुळे म्हणजे गौरीची पावले. त्यामुळे नुसती फुले चालत नाहीत. अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर परत जाते. अशी तिची तीन दिवसांची वस्ती. बाजारपेठेत एका दारी कुंडीत टपोऱ्या लाल फुलांचा तेरडा होता. तिकडे त्याला गुलमेहंदी म्हणतात. मी तो सुचवला. सासूबाईंनी मान हलवली. “कुंडीतली नको. गौर रानातून येते.”

तेव्हा मी त्यांना हाताला धरून ओढ्याकडे नेले. त्या बराच वेळ त्या पांढऱ्या तुऱ्यांकडे पाहत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी एका शेंगेला हलकेच चिमटीत धरले. शेंग फुटली. सासूबाई दचकल्या आणि हसल्या. त्या घरी आल्यापासून मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते.

त्यांनी रोप उपटायला हात घातला, तोच वरून हाक आली. आमच्या शेजारच्या आजी पट्टू सावरीत उतरून येत होत्या. त्यांनी हाताने खूण करून थांबवले. ओढ्याच्या पलीकडचे ते देवदार गावच्या देवतेचे होते. त्या वनातून कोणी काही नेत नाही. लाकूड तर नाहीच, पण झाडपालाही नाही. कुलूच्या खोऱ्यात गावोगावी अशी देवाची वने आहेत. शेजारच्या आजी कुलवी बोलीत सांगत होत्या आणि सासूबाईंना हिंदीही जेमतेम समजत असे. मी मध्ये पडून उलगडून सांगू लागले, तर सासूबाईच मला म्हणाल्या, “समजले. ही देवराई आहे.” आमच्या गावीही देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत जात नाही. सासूबाईंनी हात मागे घेतला आणि देवतेच्या दिशेने जोडला. मग शेजारच्या आजींनीच त्यांना ओढ्याच्या अलीकडे, वाटेच्या कडेला नेले. तिथला तेरडा देवाचा नव्हता.

तिथेही सासूबाई सरसकट उपटत नव्हत्या. ज्या रोपांच्या खालच्या शेंगा फुटून गेल्या होत्या तीच त्या निवडत होत्या. वरच्या पिकल्या शेंगा दाबून बी जागच्या जागी सोडत होत्या. मुलीने कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, “याचे आयुष्य एका पावसाचे. बी पडण्याआधी नेले, तर पुढच्या वर्षी गौर कशी येणार?”

हे शास्त्रवचन त्या कुठे शिकल्या नव्हत्या, पण ते शब्दशः खरे आहे. बहुवर्षायु झाडाला एखादे साल वाईट गेले, तर ते मुळांत साठवलेल्या शिधावर तग धरते. वर्षायु रोपाजवळ अशी शिल्लक नसते. त्यातही तेरड्याचे बी मातीत फार काळ वाट पाहत नाही. या कुळातील हिमालयातच जन्मलेल्या एका थोरल्या भावंडाचे बी दीड-दोन वर्षांपलीकडे फारसे टिकत नाही, असे तज्ज्ञांना आढळले आहे. म्हणजे दर वर्षीचा जमाखर्च त्याच वर्षी पुरा व्हायला हवा.

त्या वर्षी आमच्याकडे गौर आली. शेजारच्या आजी हळदीकुंकवाला आल्या आणि येताना अक्रोड घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई खिडकीशी बसेनाशा झाल्या. दुपारी त्या शेजारी जाऊन बसू लागल्या. दोघी आपापल्या बोलीत बोलत आणि त्यांचे काही अडत नसे.

पुढच्या वर्षी मात्र वाटेच्या कडेला तेरडा नव्हता. आदल्या वर्षी गौरी गेल्यानंतर आठवड्याभरातच कोणी तरी पर्यटकांच्या मोटारी उभ्या करण्यासाठी ती कड खरवडून सपाट केली होती. रोपे फुलांवर होती, शेंगा हिरव्या होत्या. एका शरदात आठ दिवस लवकर फावडे लागले आणि तिथली वस्ती नाहीशी झाली. जवळच, ओढ्याच्या पलीकडे, देवाच्या वनात मात्र पांढरे तुरे नेहमीसारखे डोलत होते.

मी सासूबाईंकडे पाहिले. दोन हातांवर तेरडा होता आणि मागायला देव होता. आपल्या गौरीसाठी चार रोपे नेली, तर देवता रागावणार नाही, असे मी म्हणूनही पाहिले. त्या म्हणाल्या, “ज्याला नाही म्हटले आहे, त्यातून पळवाट काढून आणलेली गौर मला नको.” मग त्या नदीवर गेल्या. त्यांच्या माहेरी खड्यांच्या गौरी पुजण्याची रीत होती. बियासच्या थंडगार पाण्यातून त्यांनी सात गुळगुळीत खडे उचलले, ओच्यात घेतले आणि मागे न पाहता घरी आणले. बेचाळीस वर्षे सासरच्या रीतीने पूजा केलेल्या त्या बाईने त्या वर्षी माहेरची रीत केली. कोणाकडे तक्रार केली नाही.

तिसऱ्या वर्षी वैशाखात मुलगी धावत सांगत आली, की वाटेच्या कडेला रोपे आली आहेत. ओढ्याला सर्वांत जवळ असलेल्या बाजूला हातभर रुंदीचा एक पट्टा हिरवा झाला होता. पलीकडच्या देवाच्या वनातील शेंगांनी गेल्या शरदात ओढ्यावरून बी फेकले होते. चौथ्या वर्षी तो पट्टा आणखी रुंदावला. त्या वनातून काहीही न्यायचे नाही, हा नियम पाळणाऱ्या अनेक पिढ्यांच्या मनात हे फूल असेलच असे नाही. ती माणसे देवाची आणि देवदारांची बूज राखत होती. परंतु त्यांच्या संयमाच्या सावलीत हे हातभर रोपही राखले गेले, आणि जिथे ते नष्ट झाले होते तिथेही परत येऊ शकले.

चौथ्या वर्षाच्या अखेरीस बदलीचा हुकूम आला. या वेळी पुण्यास. सासूबाई मात्र चिपळूणचे घर उघडणार होत्या. ते त्यांनी स्वतःच ठरवले होते. सामान बांधले जात असता मुलीने रुमालात तेरड्याच्या काळसर बिया जमवल्या. आजीच्या विहिरीजवळ पेरीन म्हणाली. मला तिचे मन मोडवेना, पण मला एक गोष्ट ठाऊक होती, ती मी दोघींना सांगितली.

या लहानग्या तेरड्याचे जे थोरले भावंड मी वर सांगितले, ते पुरुषभर उंच वाढते आणि त्याला गुलाबी फुले येतात. सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख राहिलेल्या जॉन फोर्ब्स रॉइल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि १८३९ साली त्याचे बी इंग्लंडात क्यूच्या बागेत पोचले. पंधरा-सोळा वर्षांतच ते बागेचे कुंपण ओलांडून रानात उगवल्याची नोंद झाली. आज तिथल्या कितीतरी नद्यांचे काठ त्याने व्यापले आहेत. एकेक रोप आठशेपर्यंत बिया देते आणि वीस-बावीस फुटांपर्यंत फेकते. नदी त्या पुढे नेते. त्याच्या दाटीत तिथली मूळची रोपे गुदमरतात आणि हिवाळ्यात ते स्वतः मरून गेले, की काठ उघडे पडून माती वाहून जाते. २०१७ साली युरोपीय संघाने त्याचे नाव उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातले. त्याच्या स्वभावात तिकडे काही बिघाड झाला असे नाही. हिमालयात त्याची पाने खाणारे किडे आहेत, त्याच्यावर पडणारा तांबेरा आहे, बरोबरीने वाढणारी इतर झाडे आहेत. ही सारी त्याला आवरून धरतात. परदेशी गेले ते एकटे बी. आवरणारे सगळे मागे राहिले. म्हणूनच ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे पारख करून २०१४ साली हिमालयातील तांबेऱ्याची बुरशी तिथे मुद्दाम सोडली.

आमच्या फुलाचे बी कोकणाच्या उष्ण मातीत बहुधा रुजलेही नसते, कारण त्याला हवी असलेली बर्फाची झोप तिथे नाही. तेही मी सांगितले. मुलगी हिरमुसली. सासूबाई काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी चार वर्षे इथे राहिले, ती मला सांभाळणारी माणसे भेटली म्हणून. आणि शेजारच्या बाईने पहिल्याच दिवशी मला नको म्हटले, म्हणून ती मला आपली वाटली. परक्याला कोणी नको म्हणत नाही.” आणि नातीला म्हणाल्या, “विहिरीजवळ आपला तेरडा आहे, तो पुरे. याला इथेच राहू दे.”

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना, आणि आज देशात अशी कुटुंबे लाखोंनी आहेत, नव्या गावी आपले कोण, हा प्रश्न पडतो. जो आपले स्वागत करतो तो आपला, असे मी समजत असे. सासूबाईंचे ऐकल्यापासून मला वाटते, की जिथे आपल्याला आवरणारे कोणी असते आणि त्याचे आपण ऐकतो, तिथे आपली मुळे धरू लागलेली असतात, मग ती तेरड्याच्या मुळांसारखी वरवरची का असेनात.

निघायच्या दिवशी सकाळी तिघी ओढ्याकडे गेलो. शेजारच्या आजीही आल्या. रात्री दव गोठले होते. तेरडा काळा पडून आडवा झाला होता. मुलीने वाटेच्या कडेवर रुमाल उलटा करून झटकला. बिया ओल्या मातीत आणि देवदाराच्या सुयांत कुठे नाहीशा झाल्या, ते दिसलेही नाही. सासूबाईंनी पदराच्या गाठीतील किल्ली एकदा चाचपून पाहिली आणि शेजारच्या आजींना विचारले, “चैत्रात येतील ना वर?” त्यांना मराठी येत नव्हती, पण त्यांनी मान डोलावली.